चौदा नंबरचा व्हॉल

६ जानेवारी २०२५, सोमवार. कडेगाव

ज्या शेडचं पहिलं टेबल मी स्वतः टेम्पोतून उतरवलं, त्या शेडमध्ये आज मला मेसेज पाठवून मीटिंगला बोलावलं. 'काका, अकराला या.' पृथ्वीराज माझा सख्खा पुतण्या. कंपनीचा मालक तो आहे, हे मला मान्य आहे. पण माझं टेबल त्याच्या केबिनपासून आठ पावलांवर आहे. उठून यायला काय झालं होतं?

विषय होता 'पाट'ची नवी आवृत्ती आणि तिच्यात कोणती भाषा बसवायची. जेवताना राजेश्वरीनं विचारलं, म्हणजे नक्की काय हो? तिला सांगितलं तेच इथं लिहितो. आमची कंपनी पेट्या बनवते. पाइपलाइनचं पाणी शेतात सोडायला व्हॉल, म्हणजे झडपा असतात. कुठला व्हॉल कधी उघडायचा, कधी मिटायचा, हे पेटी बघते. पेटीच्या आत पाट आहे, म्हणजे पेटीला चालवणारी मूळ प्रणाली. आणि पाटाच्या आत एक लहानशी भाषा आहे, त्या भाषेत त्या त्या गावची पाळी लिहायची. आधी कोण, मग कोण, किती तास.

ती भाषा माझी आहे. नाव 'हुकूम'. फौजेच्या सिग्नल दलात चोवीस वर्षं काढून सुभेदार म्हणून घरी आलो आणि दोन वर्षं एकट्यानं बसून बनवली. उघड, मिट, थांब, पुढं. उलट विचारत नाही, सांगितलं तेवढं करते. लोणंदपासून आटपाडीपर्यंत एकसष्ट गावांत चालते. हिंगणमाळला तर सगळ्यात आधी बसवली. चार वर्षं झाली, तिथून एक तक्रार नाही.

आता पृथ्वीराज म्हणतो, पायथन घेऊ, कॉलेजातली पोरं तेच शिकून येतात. पेटीतल्या चिपवर जागा सोळा एमबी. त्यातले अकरा पाट खातो. पायथन आत घ्यायचा तर पाटाला बाहेर ओट्यावर झोपवावं लागेल. हे मी सांगायच्या आत प्रांजलनं सांगितलं, आणि मला बरं वाटलं. पुढं म्हणाली, "म्हणून मी लुआ ही भाषा सुचवते सर. अडीचशे केबीत मावते."

प्रांजल आटपाडीकडची. घरी अजून मेंढरं आहेत, ही सांगलीला इंजिनिअर झाली. दोन वर्षांपूर्वी मीच मुलाखत घेऊन तिला आत घेतलं. मीच काम शिकवलं.

"आणि हुकूमला काय धाड भरली?" मी विचारलं.

"ती फक्त तुम्हालाच लिहिता येते सर," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण म्हणाली.

दहा मार्चला निर्णय. तांत्रिक बाजूचा मुख्य म्हणून कागदावर सही माझी लागणार आहे. बघू कोण घेतंय ते.

९ जानेवारी, गुरुवार

लुआ वाचून काढली. ब्राझीलमधली आहे. ही बया मोजायला एकापासून सुरुवात करते. संगणकातलं शहाणं जग शून्यापासून मोजतं, हुकूम शून्यापासून मोजते, आणि हिला वेगळी चूल मांडायची आहे. प्रांजलला म्हटलं, ही असली सवय पोरांना लावणार का? म्हणाली, "व्हॉलवर नंबर एकापासूनच रंगवलेत सर. पाटकऱ्याला शून्य नंबरचा व्हॉल कुठं दाखवायचा?"

पाटकऱ्यानं, म्हणजे पाणी सोडणाऱ्या माणसानं, काय करायचंय नंबराचं? पेटी आहे ना ते बघायला.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी दळण आणायला गेलो तर एसटी स्टँडवर प्रांजल. कुठं म्हटलं, तर हिंगणमाळ. दर महिन्याला एक रविवार ही पोरगी तिकडं जाते, असं कंडक्टर म्हणाला. तिथं काय आहे, विचारलं. गडबडली. म्हणाली, मावशी राहते.

असेल. पण लॅपटॉप घेऊन मावशीकडं कोण जातं?

२७ जानेवारी, सोमवार

आज डोकं फिरायची पाळी आली. पृथ्वीराज म्हणाला, तिन्ही भाषा हिंगणमाळच्या अर्जुनाला दाखवू. ज्या भाषेत त्याला पाळी स्वतः बदलता येईल, ती घेऊ.

अर्जुना म्हणजे तिथला पाटकरी. साठीचा. चौथी शिकलेला. देशाच्या सरहद्दीवर ज्या डोक्यानं काम केलं त्याची परीक्षा आता अर्जुना घेणार.

मी स्पष्ट सांगितलं. पेटी कशासाठी बनवली? पाटकऱ्यानं ओळखीपाळखीनं पाणी सोडू नये म्हणून. व्हॉलची हाताची चाकं मी का काढून घेतली? कुणी गुपचूप फिरवू नये म्हणून. एकसष्ट गावांची चाकं मागच्या रॅकवर नंबर टाकून ठेवली आहेत, जाऊन बघ. पाळी एकदा लिहिली की लिहिली. तिथं कुणाचं रडगाणं चालत नाही, म्हणून तर लोक हुकूमवर विश्वास ठेवतात.

पृथ्वीराज म्हणाला, "काका, बदलायची वेळ आली तर?"

"तर मला फोन करायचा. मी बदलीन."

"कोण करतं फोन?"

"कुणीच करत नाही. कारण गरजच पडत नाही."

प्रांजल खाली बघून पेनाचं टोपण काढत-घालत होती.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

सापडलं.

हुकूमची बाजू मांडायची म्हणून हिंगणमाळची पाळीची फाइल उघडली, छापून भिंतीवर लावावी म्हटलं. तर ती माझी फाइलच नव्हती. दोन ओळी उलट्या. सहा नंबर दहाच्या जागी, दहा सहाच्या जागी. मागच्या नोंदी काढल्या. दोन वर्षांत एकोणतीस वेळा हात लागलाय. ओळी बदलल्यात, मग काही दिवसांनी परत जागेवर आणल्यात. सगळ्या नोंदी प्रांजलच्या नावानं.

एकोणतीस वेळा, आणि मला पत्ता नाही. माझ्या लिखाणात माझ्या पाठीमागं. सिग्नलमध्ये असं कुणी केलं असतं तर कोर्ट मार्शल झालं असतं. मला कारण कळत होतं. हुकूममध्ये घोळ आहे असं दाखवायचं आणि लुआ आत आणायची. मावशी म्हणे.

तिला समोर उभं केलं. विचारलं, हे काय? ती म्हणाली, "उसन्या पाळ्या आहेत सर."

मी म्हटलं, हुकूममध्ये उसनं-पासनं काही नाही. जे काय असेल ते लेखी दे.

ती म्हणाली, "लेखी दिलं तर तुम्ही त्या माणसांना ओरडाल."

उलट उत्तर. मी तिथंच एकसष्टच्या एकसष्ट पेट्यांना नवीन पासवर्ड घातला. तो माझ्या डोक्यात आहे, दुसरीकडं कुठंही नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

प्रांजल सकाळी टेबलापाशी आली. "सर, पंधरा तारखेला हिंगणमाळचं पाण्याचं आवर्तन सुरू होतंय. त्या चार दिवसांत काही झालं तर पाळी कोण फिरवणार?"

मी म्हटलं, काही होणार नाही.

"झालं तर?"

"फोन आहे माझ्याकडं."

राजेश्वरीला संध्याकाळी सगळं सांगितलं. तिनं भाजी निवडता निवडता विचारलं, "अहो, भांडण भाषेचं आहे का तुमचं?" मी म्हटलं, भाषेचंच आहे. तिनं पुढची जुडी सोडली. तिला यातलं कळत नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार. सातारा

आजचा दिवस चांगला गेला. साताऱ्यातल्या एका कॉलेजनं बोलावलं होतं. 'आपल्या मातीतली संगणक भाषा' असा फलक. शाल, नारळ, फेटा. सूत्रसंचालक बाई म्हणाल्या, चार वर्षांत एकही तक्रार न आलेली यंत्रणा. टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. आईची आठवण आली आणि डोळे भरले, खोटं कशाला लिहू.

भाषणात मी हिंगणमाळचंच उदाहरण दिलं. शेवटच्या टोकाला भामाबाई नावाची एकटी बाई आहे, अर्धा एकर गहू. पूर्वी टोकाच्या माणसापर्यंत पाणी पोचायचंच नाही. आता पाळी टोकापासून सुरू होते. तिचा व्हॉल चौदा नंबर, म्हणून तिला सगळ्यात आधी पाणी. आज सकाळी सहाला तिच्या गव्हाला पाणी सुटलं, मी इथं फेटा बांधून घेतानाही ते चालू असेल, कुणाच्या मेहेरबानीशिवाय. लोकांना ते फार आवडलं.

कार्यक्रमासाठी रात्रीपासूनच फोनचा आवाज बंद ठेवला होता. गाडीत बसून बघतो तर अर्जुनाचे अकरा मिस्ड कॉल. पेपरात बातमी आली होती, अभिनंदनाला केले असतील. प्रांजलचे चार. तिला आता गोड बोलायचं असणार. पृथ्वीराजचा एक. उद्या बघू.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पृथ्वीराजकडून कळलं, काल पहाटे हिंगणमाळच्या वस्तीवर बयाबाई वारली. भामाबाईची थोरली जाऊ. त्या वस्तीवर सगळी एकच भावकी. घरटी माणूस मयतीत. कुणीही रानात नाही.

अर्जुनाही त्यातलाच. त्यानं सकाळी साडेपाचला मला फोन केला, भामाबाईची पाळी गावातल्या पाच नंबरला द्या, पाच नंबरची परवा हिला द्या. मी तेव्हा झोपेत होतो, मग प्रवासात, मग कार्यक्रमात, आणि फोनचा आवाज बंद. मग त्यानं प्रांजलला केला. प्रांजल कडेगावातून पेटीत शिरायला बघत होती, पण पासवर्ड माझ्याजवळ.

सहाला चौदा नंबर उघडला. दारं धरायला, म्हणजे पाणी एका वाफ्यातून पुढच्या वाफ्यात वळवायला, माणूस नाही. वरचे दोन वाफे तुंबले, बांध फुटला आणि उरलेलं सगळं पाणी ओढ्याला गेलं. सहा तास. चाक असतं तर अर्जुनानं जाता जाता हातानं मिटलं असतं. पेटीचीच वीज काढली असती तर पुढच्या तेरा जणांचं पाणी तुटलं असतं. बाराला व्हॉल मिटला. पेटीत नोंद आहे: 'चौदा पूर्ण.'

गव्हाच्या ओंबीत दूध भरायची वेळ आहे. पुढचं आवर्तन तीन आठवड्यांनी.

मला राग आवरत नाही. पेटीनं आपलं काम केलं. चूक असेल तर ही की मयत सांगून येत नाही, आणि ती हुकूमची चूक नव्हे. आणि हे लोक तरी. चार वर्षं गप्प बसायचं आणि पाचव्या वर्षी उसनी पाळी म्हणायचं. आधी सांगायला तोंडाला कुलूप होतं का यांच्या?

१७ फेब्रुवारी, सोमवार

मीटिंगमध्ये हेच बोललो. आवाज चढला असेल माझा.

म्हटलं, घरात मयत झाली की त्या घराची पाळी दुसऱ्यानं घ्यायची आणि आपली नंतर त्याला द्यायची, असा रिवाज त्यांच्याकडं असेल तर असो. लग्नाला, आजारपणालाही म्हणे. सगळं तोंडी. पण मला कुणी सांगितलं? चार वर्षांत एकानं तरी? सांगितलं असतं तर हुकूममध्ये एक शब्द घालायला मला अर्धा दिवस लागला नसता. सांगायचं नाही आणि वर नाव भाषेला ठेवायचं, हा कुठला न्याय?

पृथ्वीराज म्हणाला, "काका, नक्की कुणी सांगितलं नव्हतं?"

"माझी डायरी आहे. चोख आहे. दाखवू काढून?"

प्रांजल पटकन म्हणाली, "नको सर. डायरी कशाला काढायची."

तिचं ते 'नको' मला फार लागलं. म्हणजे हिला वाटतंय की मी खोटं बोलतोय. पृथ्वीराजला म्हटलं, उद्या हिंगणमाळला पेटी बसवल्यापासूनची पानं तुझ्या टेबलावर आणून टाकतो. बोलावून वाचायला लाव सगळ्यांना.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी फौजेतली ट्रंक उघडली. २०२० ची डायरी काढली. हे पान मी जसंच्या तसं उतरवतो, कारण ते पृथ्वीराजच्या टेबलावर टाकायची आज माझी हिंमत झाली नाही.

'११ डिसेंबर २०२०. हिंगणमाळच्या पाटकऱ्याचा फोन. अर्धा तास डोकं खाल्लं. घरात मयत झाली तर पाळी उसनी द्यायची सोय पेटीत करा म्हणतो. गावठी भानगड. भाषेत असलं काही येणार नाही म्हणून ठणकावलं. परत फोन करू नकोस म्हटलं.'

अक्षर माझंच आहे.

त्याच्यानंतर चार वर्षं हिंगणमाळहून एक तक्रार नाही.

राजेश्वरीनं विचारलं, काय झालं, ट्रंकेपाशी असे का बसलात? मी म्हटलं, काही नाही, गुडघा धरलाय. माणूस स्वतःवर चिडला की चिडायचं कुणावर, ते मला कुणी शिकवलं नाही. फौजेत नाही आणि घरीही नाही.

२ मार्च, रविवार. हिंगणमाळ

बारा दिवस काही लिहिलं नाही. शेडमध्ये जात होतो, येत होतो. पान अजून ट्रंकेत.

आज रॅकवरून हिंगणमाळची चौदा चाकं काढली, दोन पोत्यांत भरली आणि एसटीनं गेलो. कंडक्टर म्हणाला, आज ताईंच्या जागी तुम्ही का?

अर्जुना घराच्या कट्ट्यावर बसला होता. मी काही बोलायच्या आत त्यानं चहा सांगितला. मग मी म्हटलं, "अर्जुना, त्या दिवशी तू अकरा फोन केलेस."

"व्हय सायब. माफी करा. तुमी परत फोन करू नगं म्हनला हुता. म्या केलं न्हवतं बगा चार वर्सं. त्या दिशी नाइलाज झाला."

हा माणूस माझी माफी मागत होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं.

विचारलं, "मग चार वर्षं पाळ्या कशा फिरवल्यास?"

"पैली दोन वर्सं फिरवल्याच न्हाईत. ज्येच्या घरी मयत, त्येचं पानी गेलं. लोकं माज्यावर चिडायची. मग ती पोरगी आली पेटीचा दिवा बगायला. तिला म्या सांगितलं, तर म्हनली, मामा, तुमी मला फोन करा, मी करती. मग दर महिन्याला येऊन बसायची हितं, कुनाकुनाची उसनी ऱ्हायली त्ये म्या सांगायचं आन ती मांडायची."

"तुझ्या नात्यातली आहे?"

"न्हाई वं. कुठली नात्यातली. म्या म्हनलं येकदा, आगं तुज्या सायबाला सांगून टाक, सोय करत्याल. तर म्हनली, नगं, सरांनी ती भाषा लय जीव लावून केलीया. ऐकलं तर मनाला लावून घेत्याल." चहाची कपबशी पुढं सरकवत तो म्हणाला, "घ्या, गार हुतोय."

तो मला भामाबाईच्या रानात घेऊन गेला. वरचे दोन वाफे पिवळे पडलेले. खालचे सगळे उभेच्या उभे वाळत चाललेले. भामाबाईनं एक ओंबी तोडली, तळहातावर चोळली, फुंकर मारली. दाणे जिऱ्यासारखे बारीक निघाले. तिनं ते मला दाखवले नाहीत. स्वतःच बघितले आणि खाली टाकले.

मी म्हटलं, "बाई, चूक माझी आहे. माझ्या खंडाळ्याच्या रानात गहू आहे. दोन पोती पाठवतो."

"मी काय गहू मागितला न्हवता दादा," ती म्हणाली. "पानी मागितलं हुतं. त्ये बी उसनं न्हाई, माजंच."

दोन पोती गहू म्हणजे विषय मिटला, असं मी एसटीत ठरवून आलो होतो, त्याची लाज वाटली.

पाना मागून घेतला आणि चौदा नंबरवर चाक बसवलं. बोल्ट गंजलेले, घाम निघाला. भामाबाईनं ते दोन वेळा फिरवून बघितलं, उजवीकडं, डावीकडं. म्हणाली, "घट हाय, पर फिरतंय." बाकीची तेरा अर्जुना नि मी मिळून बसवली.

१० मार्च, सोमवार

आज सही.

मीटिंग सुरू व्हायच्या आधी ट्रंकेतलं पान टेबलावर ठेवलं. पृथ्वीराजनं वाचलं. त्यानं पान प्रांजलकडं सरकवलं. तिनं वाचलंच नाही. म्हणाली, "अर्जुनामामांनी सांगितलं होतं मला. पहिल्याच महिन्यात."

म्हणजे दोन वर्षं हिला माहीत होतं. दोन वर्षं मी तिच्यासमोर 'एकही तक्रार नाही' म्हणत छाती काढून फिरत होतो आणि ही पेनाचं टोपण काढत-घालत होती. याचाही मला राग आला. सांगायचं नाही का गं, म्हटलं. मी काय खाऊन टाकलं असतं?

ती म्हणाली, "पेट्यांना पासवर्ड घातलात ना सर."

पृथ्वीराज हसला. मला हसू आलं नाही.

परीक्षा शनिवारीच हिंगणमाळला झाली होती, पायथन पेटीत मावेना म्हणून दोनच भाषांची. सांगायला हरकत नाही, हुकूममध्ये मी सोमवार ते शुक्रवार बसून 'उसनी' शब्द घातला होता. अर्धा दिवस म्हटलो होतो, पाच लागले, तरी धड चालेना. पाच नंबर म्हटलं की हुकूम सहावा उघडायची, कारण शून्यापासूनचं मोजणं. अर्जुना दर वेळी एक वजा करायला विसरायचा. लुआमध्ये प्रांजलनं त्याला दोन ओळी लिहून दिल्या, त्यातले नंबर तेवढे त्यानं बदलायचे. चष्मा सावरत, एका बोटानं, त्यानं चौदा आणि पाच लिहिलं. झालं. मी तिथं उभा होतो.

कागदावर 'शिफारस: लुआ' लिहिलं. कारणाच्या रकान्यात प्रांजलनं आधीच टाइप केलं होतं, 'कमी जागा, कमी मेमरी'. मी ते खोडलं आणि लिहिलं, 'पाटकऱ्याला स्वतः बदलता येते.' सही केली. हुकूम एकेचाळीस केबीची होती. दोन वर्षं लागली होती.

एकापासून मोजणं मला अजून पटलेलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

आज जेवायला बसलो आणि फोन वाजला. हिंगणमाळ. घास ठेवून उचलला.

"सायब, अर्जुना बोलतोय. तीन नंबर आन बारा नंबर उसनी केली आज. बारा नंबरच्या पोरीचा साखरपुडा हाय विट्याला."

"बरं केलंस. अडचण काय आली?"

"अडचण न्हाई. म्याच केलं. झालं बी."

"मग माझ्याकडून काय पाहिजे?"

"काय नगं."

माझा जुना पारा चढला. जेवताना उठवलं आणि काय नगं म्हणतोय. म्हटलं, "अर्जुना, सगळं झालंय, काही नकोय, तर फोन कशाला केलास?"

तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता. रानात असावा.

"तुमी म्हनला हुता नव्हं, परत फोन करू नगं. त्ये अजून हाय का उठलं, त्ये बगितलं."

"उठलं," मी म्हणालो.

"मग बरं झालं," तो म्हणाला, आणि बोलायलाच लागला. भामाबाईनं गव्हाच्या जागी मका टोकला. चौदा नंबरचं चाक आता हलकं फिरतंय, तेल घातलंय. बयाबाईचा नातू भरतीला पळतोय, त्याला सिग्नलमध्ये काय काय विचारतात ते सांगा. मी सांगत होतो, तो मध्येच दुसरंच काही विचारत होता. अर्धा तास. भाकरी गार झाली, राजेश्वरीनं ताट झाकून ठेवलं.